तुरुंगातल्या माणसाला पत्र लिहून काय होते?

तळोजा मध्यवर्ती कारागृह रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. गणपतीला मुंबईहून गावी निघालेला चाकरमानी त्याच्यापासून थोड्याच अंतरावरून पुढे जातो. २०२० सालच्या नोव्हेंबरात या कारागृहातल्या ८३ वर्षांच्या एका कैद्याने न्यायालयाकडे अर्ज केला. झारखंडमध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. हात इतके थरथरत की भरलेला पेला ओठांपर्यंत नेता येत नसे, म्हणून झाकणाचा आणि नळीचा पेला, म्हणजे ज्याला आपण सिपर म्हणतो तो, मिळावा अशी त्यांची मागणी होती. अटकेच्या वेळी तो आपल्याकडून घेतला गेला असे त्यांचे म्हणणे होते. तपास यंत्रणेने उत्तर देण्यासाठी वीस दिवसांची मुदत मागितली आणि नंतर, आपण असा पेला घेतलाच नव्हता, असे न्यायालयाला सांगितले. दरम्यान ही बातमी देशभर पसरली आणि ज्यांनी स्वामींना कधी पाहिलेही नव्हते अशा कितीतरी माणसांनी सिपर विकत घेऊन पाठवायला सुरुवात केली. पुढे त्यांना कारागृहात सिपर मिळाला, जामीन मात्र मिळाला नाही. ५ जुलै २०२१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी असतानाच, वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाल्याचे डॉक्टरांनी न्यायालयाला कळवले.

तेव्हापासून आमच्या सिंधुदुर्गात, वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना असो की एसटीच्या थांब्यावर, एक प्रश्न अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. प्रकरण न्यायालयात आहे, माणूस ओळखीचा नाही, मग त्याला सिपर, पत्र किंवा पुस्तक पाठवणाऱ्यांना नेमके काय साधायचे असते? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेपेक्षा कायद्याच्या आणि तुरुंगाच्या कामकाजात अधिक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शिक्षा होण्याआधीचा तुरुंगवास

ज्याच्यावर आरोप आहे पण ज्याचा खटला संपलेला नाही, त्याला विचाराधीन कैदी म्हणतात. तुरुंगाच्या बोलीत तो ‘कच्चा कैदी’. भारतातल्या तुरुंगांमध्ये आज दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे आहेत, म्हणजे आत असलेल्या बहुसंख्य माणसांना कोणत्याही न्यायालयाने अजून दोषी ठरवलेले नाही.

राज्यघटनेच्या २२व्या कलमानुसार अटक केलेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगावे लागते, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते आणि तिला आपल्या पसंतीचा वकील घेता येतो. सर्वसाधारण गुन्ह्यात पोलिसांनी साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. परंतु बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे बातम्यांमध्ये ज्याचा उल्लेख यूएपीए असा येतो तो कायदा, या दोन्ही गोष्टी बदलतो. १९६७ सालच्या या कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आरोपपत्रासाठीची मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटतात असे न्यायाधीशांचे मत झाले, तर जामीन देता येत नाही. प्रथमदर्शनी म्हणजे पुराव्याची उलटतपासणी न होता, सरकारी पक्षाची कागदपत्रे आहेत तशी वाचून.

याचा परिणाम काय होतो ते तळोजाच्याच उदाहरणाने पाहू. स्टॅन स्वामीही ज्यात आरोपी होते त्या भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या पहिल्या अटका जून २०१८ मधल्या. त्यांपैकी रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षे गेली आणि तोवर साक्षीपुरावा सुरूदेखील झाला नव्हता. आरोप खरे की खोटे हे खटल्यात ठरेल, त्याविषयी या लेखात काहीही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते एवढेच की खटला न चालता गेलेली ही वर्षे, उद्या निर्दोष सुटका झाली तरी, कोणीही परत देऊ शकत नाही.

‘मानवाधिकार कार्यकर्ता’ हा शब्दही इथेच स्पष्ट करून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी संमत केलेल्या जाहीरनाम्यानुसार, एकट्याने किंवा इतरांबरोबर, शांततेच्या मार्गाने कोणाच्याही मूलभूत हक्कांसाठी झटणारा प्रत्येक जण या व्याख्येत बसतो. त्यासाठी संस्था लागत नाही, पदवी लागत नाही. २०२३ सालच्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाला विरोध करताना पोलिसांनी ज्यांना ताब्यात घेतले, त्यांत भातशेती आणि आंब्या-काजूवर जगणाऱ्या बायाही होत्या. त्यांचा विरोध योग्य होता की अयोग्य याबद्दल कोकणात दोन मते आहेत. त्या या व्याख्येत बसतात याबद्दल असण्याचे कारण नाही.

बाहेरच्या नजरेचे काम

कोकणातले गंभीर दुखणे एकतर मुंबईला जाते किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. तिथल्या मोठ्या वॉर्डात ज्याने काही रात्री काढल्या आहेत त्याला ठाऊक असते की ज्या खाटेशी नातेवाईक बसलेले असतात, त्या खाटेवरची सलाइन संपल्याचे लवकर लक्षात येते. त्यात परिचारिकांचा दुष्टपणा नसतो. माणसे कमी आणि खाटा जास्त असल्या की जिथून कोणीतरी विचारते तिथे लक्ष आधी जाते. तुरुंगाचेही तसेच आहे, फरक एवढाच की तिथे खाटेशेजारी बसायला परवानगी नाही. नातेवाइकांना ठराविक दिवशी ठराविक मिनिटांची मुलाखत मिळते, तीही गावाहून येण्याजाण्याचा खर्च परवडला तर. बाहेरून आलेले पत्र, वकिलाचा फोन, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी ही त्या नातेवाइकाची जागा घेतात. या कैद्याबद्दल कोणीतरी विचारत आहे आणि उद्याही विचारणार आहे, ही माहिती तुरुंगाच्या कार्यालयापर्यंत पोहोचते आणि तिचा परिणाम होतो.

तळोजातच घडलेली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. २०२० सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस, भीमा-कोरेगाव प्रकरणातलेच एक आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा कारागृहात चोरीला गेला. चष्म्याशिवाय त्यांना जवळजवळ दिसत नव्हते. घरच्यांनी नवा चष्मा पाठवला, तो कारागृहाने स्वीकारला नाही. घरच्यांनी ही हकिकत जाहीर केली आणि त्यानंतर काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयात, दुसऱ्याच आरोपींच्या अर्जावर सुनावणी चालू असताना, न्यायमूर्तींनी स्वतःहून या चष्म्याचा विषय काढला. माणुसकी सर्वांत महत्त्वाची, बाकी सगळे तिच्या मागून येते, अशा आशयाचे मत त्यांनी व्यक्त केले आणि कारागृह अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची गरज बोलून दाखवली. ही हकिकत घरातच राहिली असती, तर न्यायमूर्तींना ती कळण्याचा मार्ग नव्हता. एकजूट दाखवणे म्हणतात ते बहुतेक वेळा असे असते. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. एका चष्म्याची हकिकत ज्याच्या हातात काही करणे आहे त्याच्या कानापर्यंत जाणे.

हीच रीत पद्धतशीरपणे वापरण्याची कल्पना १९६१ सालची. २८ मे १९६१ रोजी पीटर बेनेन्सन या ब्रिटिश वकिलाचा, जगभरातल्या विस्मरणात गेलेल्या कैद्यांविषयीचा लेख लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात छापून आला आणि त्यातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. सामान्य माणसांनी, आपल्या गावात बसून, परक्या देशातल्या एकेका कैद्यासाठी त्या सरकारला सभ्य भाषेत पत्रे लिहायची, एवढेच तिचे हत्यार होते. १९७३ साली ब्राझीलमध्ये पकडल्या गेलेल्या लुईस बाझिलिओ रॉसी या प्राध्यापकासाठी या संघटनेने प्रथमच तातडीच्या पत्रांची मोहीम हाती घेतली आणि त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका कामगार नेत्याने पुढे सांगितलेला अनुभव तर या क्षेत्रात सर्वांना पाठ आहे: त्याला विवस्त्र अवस्थेत अंधारकोठडीत ठेवले होते, पहिली दोनशे पत्रे आल्यावर कपडे परत मिळाले, पुढची दोनशे आल्यावर तुरुंगाधिकारी स्वतः भेटायला आला, आणि पत्रे येतच राहिली तेव्हा शेवटी त्याला सोडून देण्यात आले. प्रत्येक वेळी असे होते असा दावा कोणी करू नये. स्टॅन स्वामींच्या बाबतीत ते झाले नाही.

कोकणाला हे नवे नाही

बेनेन्सन यांनी आपल्या लेखात ज्या कैद्यांची नावे घेतली होती, त्यांत अंगोलाचे कवी आणि डॉक्टर अगोस्तिन्यो नेटो होते. त्यांना तुरुंगात टाकणारी राजवट पोर्तुगालची, म्हणजे बांद्याच्या नाक्यापलीकडे गोव्यात पत्रादेवीपासून जिचा अंमल सुरू होत असे तीच. तिच्या तुरुंगांशी कोकणाचा संबंध त्याच्याही आधीचा आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही याच वाटेने नि:शस्त्र गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या काळात पकडल्या गेलेल्या नेत्यांपैकी मधु लिमये यांना लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. ते १९५७ साली सुटले. सीमेअलीकडच्या गावांनी सत्याग्रहींना जेवू घातले आणि जखमींना सांभाळले, हे आमच्या भागात अजूनही घरोघरी सांगितले जाते.

मोहन रानडे यांची कथा मात्र नव्या पिढीला माहीत नसते, आणि ती या विषयाच्या गाभ्याशी आहे. सांगलीचे रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि १९५५ साली जखमी अवस्थेत पकडले गेले. त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालमध्ये नेऊन ठेवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मिरवणुका निघाल्या, तिरंगा फडकला. रानडे मात्र लिस्बनजवळच्या कशियश किल्ल्यातल्या तुरुंगातच राहिले. ज्या सत्तेविरुद्ध ते लढले ती गोव्यातून गेली होती, तरी तिच्या कुलपाची किल्ली तिच्याकडेच होती आणि भारत-पोर्तुगाल संबंध तुटलेले होते. विस्मरण कसे होते याचे याहून बोलके उदाहरण माझ्या माहितीत नाही. लढा जिंकला गेला की लोकांच्या मनात तो विषय संपतो, कैद्याचा दिवस मात्र तसाच उगवत राहतो.

रानड्यांना विसरू न देण्याचे काम महाराष्ट्रातल्या मोजक्या माणसांनी केले. संगीतकार सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी करून पाठपुरावा केला. १९६८ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांची भेट घेतली तेव्हा रानड्यांसाठी पोर्तुगालकडे शब्द टाकण्याची विनंती केली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोवा मुक्त झाल्याला तेव्हा सात वर्षे उलटून गेली होती. तशाच कैदेत असलेले गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्करेन्यश यांना तर सुटकेसाठी १९७० पर्यंत वाट पाहावी लागली.

त्याआधीचा आणि नंतरचा इतिहासही कोकणाशी जोडलेला आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला, आणि त्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्यांचा भरणा फार मोठा होता. आणीबाणीत राजापूरचे खासदार मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिला दंडवते पुण्याला येरवड्यात होत्या. नवरा-बायको एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात पत्रे लिहीत आणि ती पत्रे वाटेत सरकारी अधिकारी वाचत.

‘प्रकरण न्यायालयात आहे, मग आपण का बोलावे?’

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. न्यायाधीशावर दडपण आणू नये, हे खरेच आहे. परंतु न्यायालयाचा अवमान कशाने होतो हे १९७१ च्या कायद्यात लिहिलेले आहे. सुनावणीचा खरा आणि निःपक्षपाती वृत्तान्त देणे, किंवा अंतिम निकालावर संयमित टीका करणे हा अवमान नाही, हेही त्याच कायद्यात आहे. खटला लवकर चालवा, आजाऱ्याला औषध द्या, वकिलाला भेटू द्या, या मागण्यांमध्ये निकालाबद्दल एक अक्षरही नसते.

शिवाय न्यायालयेही चुकतात आणि ते न्यायालयांनीच मान्य केले आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आणीबाणीत बेकायदा स्थानबद्ध केलेल्या माणसालाही सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही, असा निकाल दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधात मत नोंदवले. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले ते २०१७ साली. या मधल्या ४१ वर्षांत जे बोलत राहिले, त्यांनी न्यायसंस्थेचा अपमान केला असे आज कोणी म्हणणार नाही.

‘तो निर्दोष आहे हे तुम्हाला कसे ठाऊक?’

ठाऊक नसते, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. इथे दोन मागण्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली मागणी सुटकेची: या माणसाने हिंसा केलेली नाही, हिंसेला चिथावणी दिलेली नाही, तो केवळ आपल्या मतांमुळे किंवा शांततापूर्ण कामामुळे आत आहे, म्हणून त्याला सोडा. ही मागणी पुरेशी माहिती असल्याशिवाय करू नये. दुसरी मागणी रीतसर वागणुकीची: खटला वाजवी वेळेत चालवा, मारहाण करू नका, औषधपाणी द्या. ही मागणी कोणत्याही कैद्यासाठी, अगदी खुनाच्या आरोपीसाठीही, करता येते आणि करायला हवी.

अ‍ॅम्नेस्टीने ही रेषा फार काटेकोरपणे पाळली. नेल्सन मंडेला यांनी सशस्त्र मार्गाचा पुरस्कार केल्यावर, १९६४ साली, त्यांना केवळ मतांसाठी तुरुंगात असलेला कैदी मानायला या संघटनेने नकार दिला. त्यांच्या खटल्यावर आणि तुरुंगातल्या वागणुकीवर मात्र लक्ष ठेवले. मोहन रानडेही शस्त्र हाती घेतलेले होते आणि या निकषावर तेही बसले नसते. मला स्वतःला हा निकष काही वेळा फार कडक वाटतो. पण एखाद्या संघटनेचा शब्द सरकारांनी ऐकावा असे वाटत असेल, तर तिने आपल्या लाडक्यांसाठी निकष वाकवून चालत नाही, हेही पटते.

त्याच धर्तीवर, कैद्याची मते आपल्याला पटलीच पाहिजेत असेही नाही. १८९७ साली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी राणीकडे गेलेल्या अर्जावर दादाभाई नौरोजींबरोबरच संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर आणि विल्यम हंटर यांच्या सह्या होत्या. म्युलर यांना टिळकांच्या राजकारणाबद्दल आस्था नव्हती. एका विद्वानाला असे ठेवू नये, एवढेच त्यांना वाटत होते. १८९८ च्या सप्टेंबरात टिळक मुदतीपूर्वी सुटले.

‘मलाच त्रास झाला तर?’

भीती खोटी नाही, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवे. तुरुंगातल्या माणसाला पत्र लिहिणे, त्याच्यासाठी सनदशीर निवेदनावर सही करणे, शांततेने सभेला जाणे हा गुन्हा नाही. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने ते स्वातंत्र्य दिले आहे. बंदी घातलेल्या संघटनेला पैसे देणे किंवा तिच्यासाठी पाठिंबा गोळा करणे हा मात्र गुन्हा आहे. म्हणून मदत करायची तर ती कुटुंबाच्या किंवा वकिलाच्या खात्यात, पावती घेऊन करावी. अनोळखी माणसाने मोबाइलवर पाठवलेल्या खाते क्रमांकावर करू नये. सरकारी नोकरीत असलेल्यांनी सेवानियम पाहून ठरवावे. ज्याला भीती वाटते त्याने काहीच केले नाही तर त्याला दोष देऊ नये.

‘याने कैद्याचेच नुकसान होणार नाही ना?’

होऊ शकते. काही वेळा वकील शांतपणे जामिनाची बाजू मांडत असतात आणि बाहेरच्या आरडाओरड्याने सरकारी पक्ष अधिक ताठर होतो. काही कुटुंबांना मुलीच्या लग्नाची, धाकट्या भावाच्या नोकरीची काळजी असते आणि नाव पुन्हा पुन्हा छापून यायला नको असते. यावर उपाय एकच: काहीही करण्याआधी कुटुंबाला आणि वकिलाला विचारायचे, आणि ते नको म्हणाले तर थांबायचे. आपल्याला काय वाटते यापेक्षा आत असलेल्याला काय हवे याला महत्त्व आहे, आणि उत्साही लोकांना हे समजावणे कधी कधी तुरुंगाधिकाऱ्याला समजावण्याइतके कठीण जाते.

‘नावाजलेल्यांसाठीच का? गरीब कच्च्या कैद्याचे काय?’

या आक्षेपापुढे मान लववावी लागते. रत्नागिरीच्या किंवा सावंतवाडीच्या कारागृहात चोरीच्या आरोपाखाली असलेल्या, जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळालेल्या मजुरासाठी कोणी सिपर पाठवत नाही. मात्र एकाचे काम दुसऱ्याच्या आड येत नाही. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, रत्नागिरीत किंवा ओरोसला, साधा अर्ज पुरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमानुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. मात्र एकाहून अधिक गुन्हे चालू असतील तर तिचा लाभ मिळत नाही. हे कलम आपल्या वाडीतल्या एखाद्या कुटुंबाला समजावून सांगणे, हेसुद्धा एकजुटीचेच काम आहे.

पत्र कसे लिहावे

कैद्याचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह लिहावे, कुटुंबाकडून बंदी क्रमांक मिळाला तर तोही, आणि खाली कारागृहाचा पत्ता. पोस्टकार्ड पुरते. पत्र कारागृहात उघडून वाचले जाणार आहे हे गृहीत धरावे. त्यामुळे प्रकरणाविषयी, साक्षीदारांविषयी, इतर आरोपींविषयी एक शब्दही लिहू नये. अधिकाऱ्यांनाही वाचता येईल अशा भाषेत लिहिले तर पत्र अडकण्याची शक्यता कमी होते.

मग लिहायचे काय? जे त्याला दिसत नाही ते. मृगाचा पाऊस वेळेवर आला, तरवा पेरून झाला, आता लावणीला माणसे मिळत नाहीत. फणस यंदा उशिरा पिकले. बंदरावर बांगडा आला आणि दोन दिवस स्वस्त होता. गावच्या जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत चालला. आत असलेल्या माणसाचे आकाश बराकीसमोरच्या अंगणाएवढे असते, आणि बाहेरचा ऋतू त्याला कोणीतरी कळवावा लागतो. ‘धीर धरा’ असे तीनदा लिहिण्यापेक्षा कोकमे वाळत घातली तेवढ्यात सर कशी आली हे लिहावे. उत्तर मागू नये, कारण कैद्याला किती पत्रे लिहिता येतील यावर बंधने असतात आणि त्याची पहिली पत्रे घरी जायला हवीत. मात्र पत्र पाठवल्याची तारीख लिहून ठेवावी; पत्रे पोहोचत नाहीत असे पुढे कुटुंबाच्या ध्यानात आले, तर वकिलाला त्या तारखा उपयोगी पडतात. पुस्तक पाठवण्याआधी कारागृहाचे नियम विचारून घ्यावेत. तळोजात नवलखा यांच्यासाठी आलेले विनोदी लेखनाचे एक पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारले गेले आणि २०२२ साली तो विषयही उच्च न्यायालयापुढे गेला.

मारहाण, उपचार न मिळणे यांसारखी गंभीर तक्रार असेल, तर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे कैद्याच्या वतीने कोणीही, विनाशुल्क आणि मराठीतही, अर्ज करू शकतो. घटनेला एक वर्ष होण्याच्या आत तो करावा लागतो.

जामीन मिळाल्यानंतर

बातमी इथे संपते, काम संपत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातले वर्नन गोन्सालविस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला तेव्हा महाराष्ट्राबाहेर न जाणे, पारपत्र जमा करणे, एकच मोबाइल वापरणे आणि आपण कुठे आहोत हे त्यावरून तपास अधिकाऱ्याला सतत दिसू देणे, अशा अटी घातल्या. त्याच प्रकरणातले कवी वरवरा राव यांना मुंबई सोडून न जाण्याच्या अटीवर जामीन मिळाला; त्यांचे घर हैदराबादला आहे. ऐंशीच्या पुढचा माणूस, परके शहर, खटला कधी सुरू होईल याचा पत्ता नाही, आणि अशा माणसाला भाड्याने घर द्यायला मालक कचरतात. नोकरी देणारे त्याहून कचरतात. पोलीस ठाण्यात हजेरीला जाताना सोबत कोणी असले तर बरे वाटते, असे अशा अटींवर सुटलेली माणसे सांगतात. खोली मिळवून देणे, महिन्याचे रेशन भरणे, तारखेच्या दिवशी न्यायालयात मागच्या बाकावर येऊन बसणे, ही कामे पत्र लिहिण्यापेक्षा जड आहेत आणि ती करणारी माणसे नेहमीच कमी पडतात. मुंबईत, पनवेलीत आणि नव्या मुंबईत आपल्या कोकणातली लाखो माणसे राहतात. त्यांतल्या कोणाची रिकामी खोली असेल आणि अशा माणसासाठी कोणी विचारायला आले, तर आधी वकिलाकडून जामिनाच्या अटींची प्रत मागून वाचावी, भाडेकरार रीतसर नोंदवावा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी आणि खोली द्यावी.